खपल्या

तोडकामावर त्याला सगळे खपल्या म्हणायचे, तेही पाठीमागे. तोंडावर म्हणायची छाती कुणाची नव्हती. घण त्याच्या हातात आला की भिंत अशी फुटायची की पलीकडे उभा असलेला मुकादमही दचकायचा.

पण घण खाली ठेवला की त्याची बोटं टोपीखाली शिरायची. जिथे खपली धरलेली असेल तिथे नख लागायचं, कड उचलली जायची आणि बोटाला ओलं, कोमट काही लागेपर्यंत थांबणं नसायचं. तेवढा वेळ डोक्यातला सगळा कालवा बंद व्हायचा. मग लाज वाटायची, आणि लाजेच्या पाठोपाठ संताप यायचा. तो मात्र दुसऱ्या कुणावर तरी निघायचा.

लहानपणी बापाने ही खोड मोडायचा चंगच बांधला होता. बोटांवर पट्ट्या मारून झाल्या, तिखट चोळून झालं, शेवटी तापलेला चिमटा करंगळीला लावला. बोट भाजलं, खोड होती तिथेच राहिली. पोरगा एवढंच शिकला, की नको असलेली गोष्ट मारून बंद करायची.

एकदा जेवणाच्या सुट्टीत नव्या गवंड्याने त्याची टोपी उडवली. "अरे, हे डोकं आहे की उंदराने कुरतडलेला पाव?"

सगळे हसले. खपल्याने गवंड्याला उचलून विटांच्या ढिगावर आपटलं, छातीवर बसून त्याचे दोन दात पाडले. चौघांनी मिळून खपल्याला ओढला तेव्हा कुठे गवंडी सुटला. मुकादमाने त्याला आठवडाभर घरी बसवलं.

घरी रिकामं बसून डोक्याची पार चाळण झाली. अशाच एका दुपारी त्याची नजर आपल्या पोरीवर गेली. दारात बसून ती अभ्यास करत होती आणि तिचं नख कानामागे चाललं होतं. मान तिरकी, ओठ किंचित उघडे, डोळे कुठेच नाहीत. उकरताना आपला चेहरा कसा होतो हे त्याने कधी पाहिलं नव्हतं. तो आज त्याला पोरीच्या तोंडावर दिसला.

"हात काढ!" तो गरजला. तिला ऐकूच गेलं नाही. पुढच्या क्षणी घण धरणाऱ्या हाताची थप्पड बसली. पोर कपाटाच्या कोपऱ्यावर जाऊन आदळली. भुवई फाटली, डोळा रक्ताने भरला.

बायको आतून धावत आली ती हातात लोखंडी तवा घेऊनच. पोरीकडे एकदा पाहिलं आणि सगळा जोर लावून तिने तवा त्याच्या उजव्या हातावर घातला. हाड मोडल्याचा आवाज तिघांनीही ऐकला.

"पुन्हा तिच्या अंगाला हात लावलास तर पुढचा घाव डोक्यात बसेल. मग उकर काय उकरायचं ते!"

तिघं एकाच रिक्षाने दवाखान्यात गेले. डॉक्टरीण पोरीला टाके घालत होती. तिने त्याच्या टोपीवरचे डाग पाहिले.

"तुमच्या डोक्याला काय झालं?"

"वीट पडली."

"खोटं," पोर पडल्या पडल्या म्हणाली. "बाबा उकरतात. मी पण उकरते. म्हणून मारलं."

डॉक्टरणीने टोपी काढायला लावली. जखमांत पू झाला होता. "ही खोड नाही, आजार आहे," ती म्हणाली. "मारून जात नाही, उलट वाढतो."

"माझ्या बापाला कुणी सांगितलं नाही हे."

"तुम्हाला मी सांगतेय ना? आता हिच्यावर पुन्हा हात पडला तर मी पोलिसांना बोलावीन."

औषधं सुरू झाली. त्याच दवाखान्यात मनाच्या डॉक्टरकडे बापलेक दोघंही जायला लागले. उजवा हात प्लास्टरमध्ये होता, तर डावा हात चार दिवसांत उकरायला तयार झाला. मग नखं मुळाशी कापली, मलम लावून डोक्याला रुमाल घट्ट बांधला, खिशात दोरीचा तुकडा ठेवला. बोटं शिवशिवली की गाठी मारायच्या, सोडायच्या. "बाबा, हात," पोर म्हणायची. "तुझा पण," तो म्हणायचा. एका संध्याकाळी बऱ्या होत आलेल्या सगळ्या जखमा त्याने ओरबाडून काढल्या आणि न्हाणीघराच्या भिंतीवर डावी मूठ आपटत बसला. बायकोने शिव्या देत देत त्याचं डोकं धुतलं.

प्लास्टर निघून कामावर परतला तेव्हा तो आधी गवंड्यापुढे जाऊन उभा राहिला. "चुकलं माझं."

गवंड्याने उत्तर म्हणून तोंडावर ठोसा ठेवून दिला. खपल्याच्या मुठी आवळल्या, पण वर आल्या नाहीत. त्याने रक्त थुंकलं.

"फिटलं?"

"नाही," गवंडी म्हणाला. पण टोपीला त्याने पुन्हा कधी हात लावला नाही.

आता डोक्याच्या मागच्या बाजूला केस आलेत. पुढे एक जागा आहे, तिथे तो अजून हरतो. पोरीचं कानामागचं बरं झालंय. पण दिव्याचं बटण दाबायला त्याने हात वर केला की ती अजूनही मान आत ओढून घेते.

"दिवा लावतोय गं," तो म्हणतो.

"माहितीये," ती म्हणते. मान मात्र तशीच आत असते.