आत्याबाई कळवतात

जगात जे काही पूर्ण झालेलं आहे, त्यात माझ्या आतेसासूबाईंना काडीचाही रस नाही. बांधून झालेलं घर, शिजून झालेला भात, ठरून गेलेलं लग्न, यांच्याकडे त्या एकदा नजर टाकतात आणि पुढे सरकतात. पण भिंती अजून अर्ध्यावर असतील, भाताला एक वाफ यायची राहिली असेल, मुलाकडचे अजून ‘विचार करून सांगतो’ म्हणत असतील, तर तिथे त्या तासन्‌तास रमतात. आमच्या लग्नाची बोलणी चालू होती तेव्हा त्यांना माझं फार कौतुक होतं. अक्षता पडल्या आणि त्यांचं लक्ष उडालं, असं माझी बायको अजून म्हणते. तेव्हा धारच्या त्यांच्या घरातल्या संगणकावर जे काही चालतं तेही सदैव अर्धवटच असावं, यात नवल नाही. जगभरची माणसं मिळून, संगणक चालवणारी, कुणाच्याही मालकीची नसलेली अशी एक मुक्त प्रणाली बनवत असतात. ती पक्की होऊन लोकांच्या हाती जाण्याआधी तिची एक कच्ची आवृत्ती बाहेर काढतात; ज्यांना हौस असेल त्यांनी ती वापरावी आणि काय काय बिघडतंय ते कळवावं, म्हणून. ही हौस असलेली धार जिल्ह्यातली एकमेव व्यक्ती म्हणजे आत्याबाई. पक्की आवृत्ती निघाली की त्या उदास होतात. ‘झालं तयार,’ असं मुलीची पाठवणी केल्यासारख्या आवाजात म्हणतात, आणि पुढची कच्ची आवृत्ती उतरवून घ्यायला बसतात. एकदा मी माझा लॅपटॉप त्यांच्याकडे घेऊन गेलो होतो. त्यांनी दोनचार खिडक्या उघडल्या, मिटल्या आणि तो मला परत दिला. म्हणाल्या, “जावईबापू, तुमचं फार पिकलेलं आहे. याला काही सांगायची सोयच नाही.”

आत्याबाई मुळात भूगोलाच्या शिक्षिका. माहेर देवासचं, सासर धारचं, आणि दोन्ही घरं जुन्या दरबारी नोकरीतली. शाळेत त्यांनी जन्मभर हिंदीतून वारे आणि पठारं शिकवली आणि घरी येऊन ‘बसणं करावं’, ‘येणं करावं’ अशा मराठीत पाहुण्यांचं स्वागत केलं. त्यामुळे त्यांच्या बोलण्यात एका वाक्याला दरबार भरतो आणि पुढच्याच वाक्याला, “अरे भिया, ये तो फिर अटक गया,” असं ऐकू येतं. निवृत्तीनंतर मुलगी बेंगळुरूला गेली ती जुना लॅपटॉप मागे ठेवून. दुरुस्तीवाल्याने तो हातात घेतला आणि म्हणाला, “माताजी, इसको अब विदा कर दो.” आत्याबाईंना ती भाषा आवडली नाही. त्यांनी कुठेतरी वाचून, चुकत, पुन्हा वाचून ती मुक्त प्रणाली त्यावर स्वतःच्या हाताने चढवली, आणि तेव्हापासून त्यांची दुपारची झोप संपली.

त्या करतात त्याला ‘तक्रार’ म्हटलेलं त्यांना खपत नाही. तक्रार वेगळी, कळवणं वेगळं, असा त्यांचा सिद्धान्त आहे. तक्रार करणाऱ्याला राग आलेला असतो. कळवणाऱ्याला वेळ असतो. कळवताना आपण काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं आणि पुन्हा केलं तर पुन्हा तसंच होतं का, एवढं सांगायचं आणि गप्प बसायचं. ही सवय हळूहळू संगणकाबाहेर पसरली. मोठ्या नणंदेची सून एकदा सासरी भांडून, डोळे लाल करून त्यांच्याकडे आली. आत्याबाईंनी तिला पाणी दिलं आणि विचारलं, “तू काय केलंस? काय व्हायला हवं होतं? मग काय झालं?” आणि शेवटी अगदी मायेने, “पुन्हा पुन्हा होतं का गं?” ती मुलगी उत्तरं देता देता शांत झाली आणि संध्याकाळी आपण होऊन परत गेली. चौकातल्या कचोरीवाल्याला त्यांनी कळवलं होतं की, संध्याकाळच्या घाण्यातली कचोरी चटणी घातली की तळातून फुटते, सकाळची फुटत नाही. तो बिचारा चाट पडला. “माताजी, इत्ते साल हो गए, आज तक किसी ने नी बोला.” आत्याबाई म्हणाल्या, “सब खा के चले जाते हैं, भिया. बताता कोई नी.”

त्यांचं सगळ्यात गाजलेलं कळवणं मात्र आमच्या देवासच्या गणपती उत्सवातलं. कार्यक्रमपत्रिका आणि स्वयंपाकघरात लावायच्या सूचना त्यांनी आपल्या संगणकावर टाइप करून आणल्या होत्या. त्या कच्च्या आवृत्तीत अर्धा र नीट उमटत नव्हता. त्याचा सरळ रफार होत होता. त्यामुळे ‘आचाऱ्यांनी सकाळी लवकर येऊन भाज्या चिरून ठेवाव्यात’ याचं ‘आचार्यांनी सकाळी लवकर येऊन’ वगैरे झालं, आणि तो कागद दारावर चिकटला. प्रवचनासाठी उज्जैनहून आलेले वृद्ध आचार्य पहाटे स्नान करून बाहेर आले, त्यांनी कागद वाचला, क्षणभर विचार केला आणि उपरणं बाजूला ठेवून निमूटपणे लाल भोपळ्यापुढे बसले. आम्ही जाऊन पाहतो तर अर्धा भोपळा झाला होता. आत्याबाईंनी त्यांची क्षमा मागितली आणि त्याच दिवशी परदेशी मंडळींना इंग्रजीतून कळवलं: आपल्या एका चुकीमुळे आमच्याकडे एका विद्वानाला भोपळा चिरावा लागला आहे, तरी रफार आणि अर्धा र यांतला फरक सोबत समजावून देत आहे. ती चूक लगेच दुरुस्त झाली. आचार्य पुढच्या वर्षी आले तेव्हा, “यंदा काही चिरायचं नाही का?” असं जरा खट्टू होऊन विचारत होते म्हणे.

धारला मी जातो तो बहुधा रविवारी, इंदूरला बस बदलून. जेवण झालं की मला कूलरच्या वाऱ्यात आडवं व्हायला सांगतात आणि आत्याबाई खिडकीशी संगणकापुढे बसतात. खिडकीतून तलावाचा एक तुकडा दिसतो. अर्धवट झोपेत मला कधी कधी कळत नाही की, त्या पडद्याकडे बघताहेत की पाण्याकडे. लोक पडद्यावरचं वाचतात. आत्याबाई पडदाच बघतात. त्यावरची एखादी खिडकी सरकवायची, तिची कड कशी येते, उजेड कुठे अडतो ते पाहायचं, पुन्हा सरकवायची. एकदा त्यांनी कळवलं होतं की, खिडकी हलवली की तिची सावली जरा मागाहून येते. धारजवळच्या तिरल्याच्या शेतांवर ढग पुढे जातो आणि सावली रेंगाळते, तशी. तिकडून उत्तर आलं, ‘आपलं ग्राफिक्स कार्ड कोणतं?’ आत्याबाईंनी न चिडता तेही कळवलं.

पडद्यावर कुठली खिडकी कुठे उघडायची, कोण पुढे, कोण मागे, हे ठरवणारा एक कारभारी संगणकात बसलेला असतो. त्याला डिस्प्ले सर्व्हर म्हणतात. या प्रणालीतला जुना कारभारी थकला होता आणि त्याच्या जागी नवा, चपळ कारभारी आणायचं चाललं होतं. काही काळ दोघेही नांदत होते. देवासला एकाच गावात दोन गाद्या होत्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. माहेरची आठवण म्हणून आत्याबाईंनी या दोघांचं बारसं तसंच करून टाकलं. पुढे जाहीर झालं की लवकरच थोरली पाती खालसा होणार आणि सगळ्यांना धाकटीकडे जावं लागणार. आणि इथे पहिल्यांदाच आत्याबाईंच्या हौसेला काळजीची किनार आली.

कारण आत्तोबा. आत्तोबा म्हणजे आत्याबाईंचे यजमान, सिंचन खात्यातून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे, वाचनाचं वेड असलेले गृहस्थ. त्यांच्या नजरेच्या मधोमध एक डाग पडला होता आणि तो वाढत होता. कडेचं दिसे, समोरचं नाही. धारला मराठी पुस्तकं मिळायची मारामार, आणि घरातली पुढची पिढी हिंदी शाळांतली, मराठी अडखळत वाचणारी. तेव्हा आत्तोबा संगणकावरच वाचत. पडद्यावर एक भिंग असतं, ते अक्षर हवं तेवढं मोठं करतं. थोरल्या पातीत हे भिंग झकास चाले. धाकटीत मात्र ते हलवलं की अक्षर थरथरे. “याला थंडी वाजतेय गं,” आत्तोबा म्हणाले.

आत्याबाईंनी कळवलं. उत्तर आलं की आमच्याकडे असं होत नाही, आणि प्रकरण बंद झालं. त्यांनी पुन्हा उघडायला लावलं, ते पुन्हा बंद झालं. मी म्हटलं, “आत्याबाई, तुम्ही जुनीच आवृत्ती ठेवा की. कोण काढायला येतंय?”

“मी ठेवीन,” त्या म्हणाल्या, “पण मग नवीन कोण सुधारणार?”

शेवटी दूरच्या एका थंड देशातल्या गृहस्थाने, जो ते भिंग सांभाळत होता, चित्रफीत मागितली. आत्याबाईंनी मोबाइल उभा करून ती काढली. तिच्यात थरथरणारं अक्षर होतं, “हललं, बघ हललं,” असं म्हणणारे आत्तोबा होते, कुकरची शिट्टी होती आणि पेरूच्या झाडावर पोपटांचा कालवा होता. गृहस्थाने लिहिलं, ‘आता दिसलं. माझी चूक आहे. आणि हे पक्षी कोणते?’ आत्याबाईंनी पोपटांपासून माळव्याच्या पठारापर्यंत सगळं सांगितलं. त्यानंतर तो दुरुस्ती करून पाठवी, आत्याबाई ती चढवत, आणि आत्तोबा दुपारी तपासायला बसत. त्या दिवसांत आत्तोबांचा रुबाब वाढला होता. शेजाऱ्यांनी कुठे बोलावलं तर, “दुपारी जमायचं नाही, तपासणी असते,” असं सांगत. थरथर कधी कमी होई, कधी दुसरीकडून उगवे. तिकडे तो खपत होता, इकडे हे दोघं, आणि मधल्या मधे आत्तोबांचं अक्षर वाढत चाललं होतं. आधी बोराएवढं पुरे, मग आवळ्याएवढं, मग पडद्यावर एक शब्दच मावू लागला.

खरी दुरुस्ती आली त्या दुपारी मी तिथेच होतो. आत्याबाईंनी भिंग उघडलं, अक्षर पडदाभर मोठं केलं आणि इकडून तिकडे फिरवलं. दगडावर कोरल्यासारखं ते निश्चल होतं. “अहो, या बरं,” त्यांनी हाक मारली. आत्तोबा येऊन खुर्चीत बसले. त्यांनी मान एकदा या बाजूला कलवली, एकदा त्या बाजूला, पाखरासारखी. बराच वेळ पाहिलं.

“छान आहे,” ते म्हणाले. “अगदी स्थिर आहे.”

आणि मग त्यांनी विचारलं, “कुठलं अक्षर आहे?”

आत्याबाईंचा हात त्यांच्या खांद्यावर होता, तो तसाच राहिला. “म आहे,” त्या म्हणाल्या.

“हं. म,” आत्तोबा म्हणाले, आणि भिंतीला हात लावत आतल्या खोलीत गेले.

आत्याबाईंनी लगेच लिहायला घेतलं. मी मागे उभा राहून वाचत होतो. दुरुस्ती बरोबर आहे, भिंग स्थिर आहे, आम्ही आभारी आहोत, एवढंच.

“तुम्ही त्यांना सांगितलं नाहीत,” मी म्हटलं.

“काय सांगू?”

“की आता आत्तोबांना...”

“त्यांनी विचारलं होतं, अक्षर हलतं का. नाही हलत.” त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. “कुणीतरी आणखी बसलेलं असेल, जावईबापू, कुठल्या तरी गावात. त्याला दिसेल.”

पुढे काही महिने आत्तोबा गप्प गप्पच होते. आत्याबाई पेपर वाचून दाखवायला बसल्या की उठून जात. “पेपर मी वाचतो, ऐकत नाही,” असं एकदा त्यांनी सांगून टाकलं. आत्याबाईंनी आग्रह केला नाही. त्या आपल्या नव्या कच्च्या आवृत्तीत डोकं घालून बसल्या आणि तिकडच्या मंडळींची आपसातली चर्चा वाचता वाचता स्वतःशीच हसायला लागल्या. दुसऱ्या खोलीतून आवाज आला, “काय झालं?” अशी ऐकण्याची सुरुवात झाली.

परवा थंडीत गेलो तेव्हा दोघं गच्चीवर उन्हात होती. आत्तोबा डोळे मिटून, बोटांनी चाचपत मटार सोलत होते. आत्याबाई मांडीवर लॅपटॉप घेऊन त्या परक्या माणसांचं भांडण इंग्रजीतून मराठीत करत वाचत होत्या. थोरली पाती आता पुरती काढून टाकावी की ठेवावी, यावर जुंपली होती. एक म्हणत होता, ती आता कुणीही वापरत नाही. दुसऱ्याने लिहिलं होतं, माझी आई वापरते.

“हा आईवाला बरा आहे,” आत्तोबा म्हणाले. “मग? पहिला काय म्हणाला?”

आत्याबाईंनी पान खाली-वर केलं. “काही नाही. पुढे कुणीच लिहिलेलं नाही.”

“का?”

“तिकडे अजून उजाडायचंय.”

“मग थांबू या,” आत्तोबा म्हणाले.

आत्याबाईंनी लॅपटॉप मिटला नाही, नुसता बाजूला ठेवला. खाली तलावावर ऊन पसरलं होतं. मीही सतरंजीवर टेकलो, आणि आम्ही तिघं मटार सोलत, कुठल्या तरी लांबच्या गावात उजाडायची वाट बघत बसलो.