ताईकडे जायचे पॉइंट

मी देवासच्या एका कारखान्यात आहे. आम्ही पॅकिंगची मशिनं बनवतो. मशीन विकलं गेलं की त्याच्या मागोमाग मी जातो, ते बसवून देतो, तिथल्या लोकांना चार दिवस शिकवतो आणि परत येतो. गुवाहाटी, कोइमतूर, लुधियाना. महिन्यातून तीन-चारदा तरी इंदूरहून विमान पकडावं लागतं. तिकीट कारखाना काढतो, पण उडण्याचे पॉइंट उडणाऱ्याच्या नावावर जमा होतात, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला रस्त्यात काहीतरी सापडल्यासारखं झालं होतं.

बरोबरचे लोक ते पॉइंट मिळेल त्यात घालवायचे. कोणी मिक्सर घेतला, कोणी चाकाची बॅग. मला त्यांची कीव यायची. मी या विद्येत हळूहळू मुरलो होतो. मिक्सर घेतला की पॉइंटाची माती होते, देशातल्या तिकिटाला वापरले तर बरं, आणि परदेशच्या लांबच्या विमानात पुढच्या भागातली, आडवं होता येणारी खुर्ची घेतली तर खरी किंमत वसूल होते. अशा खुर्च्या पॉइंटवर फार थोड्या सोडतात. काही अकरा महिने आधी दिसतात, काही अगदी दोन दिवस आधी. किराणा, पेट्रोल, मुलीची फी, सगळं मी एकाच कार्डावर करायचो, कारण त्या कार्डाचे पॉइंट विमान कंपनीकडे वळवता येत. बायको म्हणायची की तुम्ही देवाचं नाव घेण्याआधी ते पॉइंटांचं ॲप उघडता. उघडायचोच.

हे सगळं आईसाठी आहे असं मी सांगायचो, आणि ते खरंही होतं.

आई धारला राहते. मुलींच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाली. तिला एकच बहीण, नऊ वर्षांनी मोठी. त्यांची आई लवकर गेली, तेव्हा आई चार वर्षांची होती. तिची वेणी घालणं, तिला शाळेत सोडणं, ताप आला की कपाळावर घड्या ठेवणं, हे सगळं ताईनं केलं. पुढे दोघींची लग्नंही धारमध्येच झाली, घरं दोन गल्ल्या सोडून. सोळा वर्षांपूर्वी मावशीचे यजमान गेले आणि तिचा मुलगा तिला मेलबर्नला घेऊन गेला. ती दोनदा येऊन गेली. मग तिच्या किडन्या बिघडल्या, आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं आणि तिचं येणं संपलं. आता भेट व्हायची तर आईनंच जायला हवं होतं.

दर रविवारी दोघी फोनवर एकमेकींना बघायच्या. मावशी म्हणायची, ‘धाकटे, गच्चीवर जा, किल्ला दाखव.’ आई गुडघे सांभाळत जिना चढायची आणि फोन किल्ल्याकडे धरून उभी राहायची. मावशी तिकडून विचारायची की यंदा गवत फार वाढलंय का गं.

आईचे गुडघे हेच माझं कारण होतं. बारा-तेरा तास ती आखडून बसली तर पाय सुजतील, म्हणून न्यायचं तर आडवं झोपवून न्यायचं, असं मी ठरवून टाकलं. तिनं हे कधीच मागितलं नव्हतं. दोघांचे व्हिसे मी आधीच काढून ठेवले, तीन वर्षांचे. पहिल्या दिवाळीला मागच्या भागात दोन जागा पॉइंटवर सहज मिळत होत्या. मी हिशेब केला आणि सोडून दिल्या. तेच पॉइंट आणखी वर्षभर वाढवले तर पुढच्या भागात तिप्पट फायदा होत होता. दुसऱ्या वर्षी पॉइंट पुरत आले, आणि एका सकाळी विमान कंपनीनं पॉइंटांचा तक्ताच बदलला. त्याच खुर्चीला आता दीडपट पॉइंट. मी पुन्हा जमवायला लागलो.

पीथमपुरातल्या एका कारखान्यात आमची मशिनं आहेत. तिथला मेंटेनन्सचा प्रमुख इंदूरचा, माझा जुना दोस्त. एकदा कँटीनमध्ये मी त्याला हे सगळं मोठ्या अभिमानानं समजावून सांगितलं. तो जेवत ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, ‘भिया, माताजी को पीछे ही बिठा दो ना. पहुँच तो जाएँगी.’ मी हसलो. याला यातलं काही कळत नाही, असं मला वाटलं.

मावसभावाचा फोन आला तेव्हा मी त्याच कारखान्यात होतो. दुपारची शिफ्ट सुटत होती, बसांचे हॉर्न वाजत होते, त्यामुळे त्याला दोनदा विचारावं लागलं. मावशीला पक्षाघात झाला होता. तो म्हणाला, येता येईल तेवढ्या लवकर ये. व्हिशाचे चार महिने उरले होते. मी तिथेच फाटकाजवळ उभं राहून ॲप उघडलं. परवाच्या विमानात पुढच्या भागात दोन जागा दिसत होत्या, आणि पॉइंटही पुरत होते. इतकी चांगली किंमत मला कधीच मिळाली नव्हती. आणि त्या क्षणी, मावशी तिकडे तशी पडलेली असताना, मला आनंद झाला. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

आईनं बरोबर एक चौघडी घेतली, त्यांच्या आईच्या लुगड्यांची. लहानपणी दोघी तिच्याखाली झोपायच्या. दिल्लीला आम्ही पुढच्या भागातल्या प्रवाशांच्या प्रतीक्षागृहात बसलो. तिथं खायला नाना प्रकार मांडलेले होते. आईनं दहीभात तेवढा घेतला. मी चहा आणायला उठलो आणि मावसभावाचा निरोप आला. मावशी गेली होती.

मी कप हातात धरून उभा राहिलो. मग चहा आणून आईला दिला. तिनं विचारलं की काही कळलं का, आणि मी म्हणालो, अजून नाही. मला वाटलं, इथे सांगितलं तर ती विमानात चढू शकणार नाही, किंवा चढली तर ते बारा तास तिला जाणार नाहीत. तिथे मावसभावाच्या घरात, आपल्या माणसांत सांगावं. मी स्वतःला हेच समजावलं. खरं म्हणजे माझी हिंमत झाली नाही.

खुर्ची आडवी कशी होते ते हवाई सुंदरीनं आईला दाखवलं. आई कौतुकानं बघत होती. थोड्या वेळानं तिनं मागचा भाग झाकणाऱ्या पडद्याकडे बोट केलं.

‘मागे बसलेली माणसंसुद्धा आपल्याबरोबरच पोचणार का रे?’

‘हो आई.’

‘याच वेळेला?’

‘याच वेळेला.’

‘बरं,’ ती म्हणाली.

मी हात काखेत घट्ट धरून बसलो होतो. तिला वाटलं मला थंडी वाजतेय. तिनं पिशवीतून चौघडी काढून माझ्या अंगावर घातली, आपण विमानातलं पांघरूण घेतलं आणि ती गाढ झोपली. दोन रात्री तिचा डोळा लागला नव्हता. मी चौघडीखाली तसाच पडून होतो.

मेलबर्नला बाहेर मावसभाव उभा असणार, त्याला बघताच तिला कळलं असतं. म्हणून सामान मिळाल्यावर मी तिला एका बाकावर बसवलं आणि सांगितलं.

‘कधी?’

‘आपण दिल्लीला होतो तेव्हा.’

तिनं मनातल्या मनात तास मोजले असावेत. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, ‘मी झोपले रे. माझी ताई गेली होती आणि मी झोपले.’



मावशीला निरोप देताना आईनं चौघडी तिच्या पायांवर घातली, कडा नीट खोचल्या. मावसभावाचा माझ्यावर राग नव्हता. तो फक्त एकदा म्हणाला की मावशी दोन वर्षं शेजारणींना सांगत होती, माझी धाकटी दिवाळीला येणार आहे. कोणत्या दिवाळीला, ते ती सांगत नसे.

परतीचं तिकीटही पुढच्याच भागातलं होतं. आई म्हणाली, मला मागे बसायचंय. मी समजावलं, मावसभावानं समजावलं, ती ऐकेना. शेवटी काउंटरवरच्या बाईनं दोनदा खात्री करून आम्हाला मागच्या जागा दिल्या. आईचे गुडघे पुढच्या खुर्चीला टेकत होते. दर तासाला मी तिला उठवून चालवत होतो, ती माझा हात धरून निमूट चालत होती आणि परत येऊन बसत होती. इंदूरला उतरेपर्यंत तिचे पाय इतके सुजले होते की चपला चढेनात. धारला एकटीला सोडणं शक्यच नव्हतं, म्हणून तिला देवासला आमच्याकडे आणलं. बायको सकाळ-संध्याकाळ गरम पाण्यानं शेकायची. दहा-बारा दिवसांनी सूज उतरली.

त्या दिवसांत एका दुपारी मी सुट्टी घेऊन तिच्याजवळ बसलो होतो. ती पाय उशीवर ठेवून पडली होती.

‘जमलं असतं मला,’ ती छताकडे बघत म्हणाली. ‘बघ, आले ना.’

मी म्हणालो, ‘आई, मी चुकलो.’

ती माझी समजूत घालेल असं मला वाटलं होतं. लहानपणापासून तिनं तेच केलं होतं. तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता.

‘हो,’ ती म्हणाली. ‘चुकलास.’

मग तिनं पाणी मागितलं. मी आणून दिलं. ती उठून बसली, सावकाश पाणी प्याली आणि भांडं माझ्या हातात परत दिलं.