चढावरचा खांदा

भरत आणि सहदेव चुलतभाऊ. आजोबांच्या काळी बांधावरच्या फणसावरून दोन घरांचं बोलणं बंद झालं, ते आजवर बंदच. वरंधच्या वरच्या अंगाला त्यांची वाडी. तिथे फणस वर्षातून एकदा येतो, भाऊबंदकी बारमाही पिकते.

शिमग्यात देवीची पालखी सहाणेवर, म्हणजे वाडीच्या वर तिला बसवायच्या चौथऱ्यावर, चढते, तेव्हा पुढला खांदा भरतच्या घराचा. चढ हा असा उभा, आणि पालखी तो पळत चढायची. मध्ये थांबणं नाही, टेकवणं नाही. ज्यानं खांदा काढला त्याच्या घराचा मान गेला. भरतच्या बापाचे, मुरारीचे, गुडघे कामातून गेले, म्हणून यंदा पोराची पाळी. दिवाळीत देवळात सगळ्यांदेखत सहदेव म्हणाला, "या काटकीच्या खांद्यावर देवी देणार? अर्ध्यात टेकवंल. मान आमाला द्या."

भरतच्या अंगाची लाही लाही झाली. पण काटकी तो होताच.

दुसऱ्याच दिवशी महाडात काम सुटल्यावर त्यानं जिम गाठली. जिमवाल्या किशोरचे दंड म्हणजे इतरांच्या मांड्या. त्यानं विचारलं, "दिवसभर काय करतोस?"

"सकाळी वरंधपर्यंत पळत उतरतो, एसटी धरायला. सांजचा पळतच वर."

"मग अंगाला मांस धरणार कुठून? पळणं बंद कर आधी. खा आणि वजन उचल."

झालं! भरतनं मामाची जुनी स्कूटर आणली आणि पळणं सोडलं. अंडी काय, उकडलेले चणे काय, नुसता सपाटा. आई, शकू, वैतागली. "पायांना लकवा भरला का रे तुज्या?"

"आये, तुला नाय कळायचं त्यातलं."

कळत तर त्यालाही नव्हतं. वजन कशासाठी हवंय हे त्यानं किशोरला सांगितलंच नाही. देवीच्या मानाचा विषय जिमात काय काढायचा, म्हणून लाजला मेला.

शिमगा आला तोवर खांदे असे भरले की सदरा उसवायला लागला. भरतनं पालखी फुलासारखी उचलली आणि सहदेवकडे बघून मिशीवर बोट फिरवलं. ढोल वाजला, पालखी सुटली. पहिलं वळण झोकात गेलं. करवंदीच्या जाळीपाशी मात्र छाती पेटली. खांदा खंबीर होता हो, श्वासच पुरेना. दांडी घसरायला लागली. बाजूनं सहदेव पळत होता, गिधाडासारखा. घे मेल्या, घे एकदाचा मान, भरतच्या मनात आलं आणि डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात सहदेवनं त्याच्या मागोमाग दांडीखाली आपला खांदा घुसवला.

"नि... नीघ तू!" भरत धापला.

"गप चढ. खांदा काढू नको." सहदेव कानाशी फिस्कारला. "मान मी भांडून घेनार तुज्याकडनं. पडलेला उचलायला मी काय भिकारी हाय?"

पालखी सहाणेवर पोचली. वाडी म्हणाली, मुरारीच्या पोरानं घराची लाज राखली. सहदेव बाजूला जाऊन थुंकला आणि तडक घरी गेला. देवळातल्या बोलण्यापेक्षा भरतला हे जास्त झोंबलं.

त्यानं किशोरला सगळं सांगितलं तेव्हा किशोरनं कपाळावर हात मारला. "अरे गाढवा! ओझं घेऊन चढ पळायचा होता आणि पळणं सोडलंस? हे आधी बोलायला काय झालं होतं? वजन मार, वर पळ, आणि दुप्पट जेव."

स्कूटर मामाकडे परत गेली. आता जिम झाली की भरत वरंधला एसटीतून उतरतो आणि पळत वाडीचा चढ चढून तसाच सहाणेपर्यंत जातो. प्रत्येक वळणावर सहदेवला एक शिवी. अजून शिवी अर्ध्यातच तुटते, पुढे नुसती धाप. करवंदीच्या जाळीपाशी अख्खी शिवी एका दमात देता आली पाहिजे. पुढल्या शिमग्याला सहदेव भांडायला येणार आहे.