सासरे आठ वर्षांचे होतात

मोटार शिकवणं हा काही नाजूक काळजाच्या माणसाचा धंदा नव्हे. ती बाई तो इमानेइतबारे करायची. शिकाऊ माणसानं गाडी थेट विजेच्या खांबाकडे वळवली तरी आवाज न चढवता म्हणायची, "घाबरू नका, ब्रेक माझ्याही पायाशी आहे." पण परीक्षा स्वतःवर आली, की भल्याभल्यांची बोबडी वळते.

परीक्षा अशी होती. ज्या मुलाला सांभाळणं त्याच्या आईवडिलांना सध्या जमत नाही, असं मूल घरी आणायचं, आपलं म्हणून वाढवायचं आणि त्यांचे दिवस पालटले की परत पाठवायचं, असं तिनं आणि नवऱ्यानं ठरवलं होतं. त्यांना मूल नव्हतं, आणि हल्ली तिला दुसरं काही सुचत नव्हतं. आता बालकल्याण खात्याच्या बाई घर बघायला येणार होत्या. त्यांनी मान डोलावली तर गंगेत घोडं न्हालं, नाहीतर मुसळ केरात.

सरावाशिवाय गाडी रस्त्यावर काढायची नाही, हा तिचा धंद्यातला नियम. तो तिनं घरातही लावला. नवऱ्याला अधिकारी केलं. तो चष्म्याच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांच्या 'हो'ला 'हो' करणारा माणूस. आयुष्यात पहिल्यांदाच हातात सत्ता आल्यावर त्यानं दर रविवारी बायकोला नापास करायचा सपाटा लावला. राहता राहिलं मूल. त्या जागेवर सासऱ्यांची नेमणूक झाली. नाव छोटू, वय आठ.

सासऱ्यांना "अरे छोटू" म्हणताना आधी तिची जीभ टाळूला चिकटली. सासरे मात्र बघता बघता भूमिकेत शिरले. दूध सांडलं, अंघोळीला नाही म्हणाले, आणि एकदा रागाच्या भरात गाडीची किल्ली कुंडीत पुरून टाकली.

"बाबा, इतकं करायची गरज नाही हो," नवरा म्हणाला.

"तू अधिकारी आहेस ना? मग माझ्या कामात नाक खुपसू नकोस," आठ वर्षांच्या मुलानं त्याला सुनावलं.

एक प्रश्न मात्र दर वेळी गाळला जायचा. मूल परत जाईल तेव्हा काय कराल? नवरा तो विचारायचा आणि ती म्हणायची, "पुढचा घे."

आणि मग व्हायचं तेच झालं. अधिकारी बाई ठरल्या वेळेच्या बऱ्याच आधी येऊन टपकल्या. दार उघडंच होतं. आत शेवटची तालीम चालली होती. छोटू रुसून जेवणाच्या टेबलाखाली बसला होता आणि ती जमिनीवर पालथी पडून त्याची मनधरणी करत होती.

"ये ना रे राजा बाहेर. कुणी रागावणार नाही."

"नाही येणार. जा तू!"

"मूल आधीच आलं की काय?" म्हणत बाई खाली वाकल्या. टेबलाखालून त्यांच्याकडे एक पांढरी मिशी बघत होती.

आता धरणी दुभंगेल तर बरं, असं तिला झालं. तिनं त त प प करत सगळं सांगून टाकलं. बाईंच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. "असू देत त्यांना तिथंच," म्हणून त्या खुर्चीत बसल्या आणि प्रश्न विचारू लागल्या. ती पाठ केलेली उत्तरं धडाधड देत गेली. मग तो प्रश्न आला.

"मूल परत जाईल तेव्हा काय कराल?"

तिच्या उजव्या पायानं जमिनीवर करकचून ब्रेक दाबला. नवरा छताकडे बघू लागला.

टेबलाखाली खुडबुड झाली. गुडघे धरत, कण्हत सासरे बाहेर आले आणि म्हणाले, "माझी आई न्यायला आलीये. मी निघतो."

हसायची गोष्ट होती, पण तिला हसू आलं नाही. ती उठली. त्यांच्या सदऱ्याचं वरचं बटण लावलं. ताटलीतली होती नव्हती ती सगळी बिस्किटं त्यांच्या खिशात कोंबली.

"अंधाराची भीती वाटली तर आईला सांग हं. लाजू नकोस. आणि दूध पीत जा," ती म्हणाली.

"बरं," म्हणत सासरे दाराबाहेर पडले आणि खरोखरच जिना उतरून गेले. इकडे ती हमसाहमशी रडू लागली. नवऱ्यानं चष्मा काढून पुसला, घातला, आणि परत काढला.

बाईंनी पर्समधला रुमाल तिच्या हातात दिला. मग म्हणाल्या, "पुन्हा विचारते. काय कराल?"

"रडेन," ती नाक पुसत म्हणाली. "चार दिवस भांडी आपटेन. मग तुम्हालाच फोन करेन, आणखी कुणाला घर हवंय का म्हणून."

"माझा होकार आहे," बाई म्हणाल्या. "वरच्यांची सही तेवढी व्हायचीये. एक मुलगी आहे. आईची वाट बघत दारातच बसून असते."

तेवढ्यात खालून, जिन्यातून, सासऱ्यांचा आवाज आला.

"आई काही आली नाही गं. मी वर येऊ का?"

ती धावतच खाली गेली.