हरलेला माणूस पत्रकांच्या घड्या घालत होता

त्या रविवारी वॉटफर्डमधील माझ्या स्वयंपाकघरात संध्याकाळचा चहा गाळता गाळता मी टेक्सासमधील एका अनोळखी गृहस्थांना हेर ठरवले… आणि तसे ठरवण्याइतका पुरावा माझ्यापाशी आहे, असे मला प्रामाणिकपणे वाटत होते.

माझ्या धाकट्या भावाची मुलगी केतकी तिथल्या विधिमंडळासाठी उभी होती. तिकडे पक्षाचे मतदारच आधी आपसांत मतदान करून आपला उमेदवार निवडतात. त्यास प्रायमरी म्हणतात. तिघांत केतकीला सर्वाधिक मते पडल्याचे कळताच मी कुटुंबाच्या ग्रुपवर तिचे त्रिवार अभिनंदन करून मोकळा झालो.

लगेच तिचा फोन आला. "काका, थांबा. निवडणूक अजून संपला नाही."

"संपली नाही," मी दुरुस्त केले… आणि मग वाक्याचा अर्थ लक्षात आला.

तिची मते निम्म्याहून कमी होती. म्हणून पहिल्या दोघांत काही आठवड्यांनी पुन्हा मतदान… त्याचे नाव रनऑफ. मी चाळीस वर्षे इंग्लंडमध्ये मतदान करतो आहे. इथे एक मत जास्त पडले की विषय संपतो. पहिल्या आलेल्या मुलीला पुन्हा परीक्षेस बसवतात, म्हणजे कुठेतरी पाणी मुरत असलेच पाहिजे.

त्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तिच्या जेवणाच्या टेबलाशी एक धिप्पाड गृहस्थ दिसले. पुढ्यात पोह्यांची बशी, आणि हातात केतकीची प्रचारपत्रके… एकेक घेऊन ते व्यवस्थित घड्या घालत होते.

"हे कोण?"

"डॅरिल. तिसरा आलेला."

"केतकी, हा मनुष्य परवापरवापर्यंत तुझ्याविरुद्ध बोलत होता!"

"हो. आता माझ्यासाठी बोलतो. त्याच्या भागात मला कोणी ओळखत नाही ना, तर तो मला घरोघरी नेतो."

"पण का?"

"का म्हणजे? तो हरला, काका."

समोरच्याला मराठी कळत नाही, या भरवशावर मी तिला स्पष्ट बजावले… मतदारांची यादी त्याच्या हाती पडू देऊ नकोस, फोन टेबलावर सोडून उठू नकोस. तेवढ्यात त्या गृहस्थांनी मान वर केली, हात हलवला आणि "नमस्ते, काका" असे म्हटले. माझी खात्रीच झाली.

"मग हरलेल्या माणसानं काय करायचं असतं?" केतकीने विचारले. प्रश्न साधा होता. चहा निवतो आहे, असे सांगून मी फोन ठेवला.

उत्तर मला ठाऊक होते, आणि इथल्या आपल्यापैकी अनेकांनाही ठाऊक आहे. नऊ वर्षांपूर्वी इथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षपदासाठी मी उभा राहिलो आणि सबनीसांकडून हरलो. मोजणी दोनदा करून घेतली, तिसऱ्यांदाही मागितली… आणि मग सतरा कुटुंबे घेऊन बाहेर पडलो व दुसरे मंडळ काढले.

तेव्हापासून या गावात एकाच शनिवारी, दोन शाळांच्या हॉलमध्ये, दोन गणपती बसतात. दोन्हीकडे निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात. हरलेल्याने काय करावे, याचा माझा एवढाच अनुभव.

पुढचे काही आठवडे मी केतकीला एक दिवसाआड फोन करून यादी कुठे आहे, हे विचारत राहिलो. ती न चिडता उत्तर देत राहिली.

रनऑफमध्ये केतकी हरली… अगदी थोडक्यात हरली. मी फोन केला तेव्हा माझ्या आवाजात सांत्वनापेक्षा "मी सांगितले नव्हते?" हेच अधिक होते, याची आज लाज वाटते.

"डॅरिलच्या भागात मी जिंकले, काका," ती म्हणाली. "आपल्या लोकांच्या भागात हरले. खूप जण आलेच नाहीत. त्यांना वाटलं, मी पहिल्याच फेरीत जिंकले."

"असे त्यांना कोणी सांगितले?"

उत्तरादाखल तिने माझ्या फोनवर एक संदेश पाठवला. त्रिवार अभिनंदन… विजयश्रीने माळ घातली… एकही अनुस्वार चुकलेला नव्हता. तो मजकूर माझाच होता. कुटुंबाच्या ग्रुपवरून तो तिथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर गेला होता, आणि भाषा चांगली म्हणून लोकांनी तो आणखी पुढे पाठवला होता.

निवडणूक संपलेली नाही, हे तिने मला त्याच दिवशी सांगितले होते. मी तिचे वाक्य तिथल्या तिथे दुरुस्त केले… माझा संदेश दुरुस्त करायचा मात्र राहून गेला. यादीवर पहारा ठेवणाऱ्याला स्वतःवर संशय घेण्याचे कधी सुचले नाही.

मी तिची क्षमा मागितली. "असू दे हो, काका," एवढेच ती म्हणाली. दोन दिवसांनी तिने फोटो पाठवला… पक्षाची उमेदवारी जिंकलेल्या बाईंच्या प्रचार कार्यालयात केतकी आणि डॅरिल शेजारी शेजारी बसून पत्रकांच्या घड्या घालत होते. फोटोखाली ओळ होती, "आता हिच्यासाठी."

आज सकाळी मी सबनीसांना फोन लावला. नऊ वर्षांनी. म्हटले, यंदा तुमच्या गणपतीला खुर्च्या मांडण्यासाठी माणूस लागणार असेल, तर मी सकाळीच येईन.

सबनीस सावकाश म्हणाले, "डॉक्टर… यात तुमचा डाव काय आहे?"

संशय रास्त होता. मला मुळीच राग आला नाही. नऊला हॉलवर पोहोचतो, एवढेच मी सांगितले… आणि डॅरिल यांना हे वाचता येणार नसले, तरी त्यांचे आभार मी इथे मानतो.