सही केली नाही

आबांच्या ओट्यावर त्या दिवशी मला पहिल्यांदा खुर्ची मिळाली. आजवर आमच्यातलं कुणीही गेलं तरी खाली पायरीपाशीच बसायचं. मी बसले. चहा आला. आबांना आणि त्यांच्या वकिलाला कपबशीत. मला कागदी कपात. घरात लग्न नव्हतं, पाहुणेरावळे नव्हते. तो एकच कप माझ्यासाठी मुद्दाम आणवलेला. मी मुकाट प्यायले, जीभ भाजली तरी प्यायले. निघताना वळून बघितलं तर आबांची सून माझी खुर्ची नळाखाली धुवत होती.

आणि मला म्हणे गावची सरपंच करणार होते.

यंदा सरपंचपद अनुसूचित जातीच्या बाईसाठी राखीव निघालं. आमचं गाव इंदापूर तालुक्यातलं, निरवांगीच्या अंगाला. ऊस आबांचा, पाणी आबांचं, पंचायतही त्यांचीच. माझा नवरा त्यांच्याच ट्रॅक्टरवर. त्यांना मांगाची, बारावी शिकलेली, मुठीतली बाई पाहिजे होती. सह्या माझ्या, कारभार त्यांचा. हे कुणी बोललं नाही. बोलायला लागतंय कशाला?

पण मी ख्रिस्ती. पंधरा वर्षांमागं नीरेच्या कालव्यात उतरून बाप्तिस्मा घेतला. दाखल्यावर मात्र अजून हिंदू मांग. ख्रिस्ती लिहिलं की सवलत जाते. म्हणून आमच्या वस्तीतली बाप्तिस्मा घेतलेली सगळीच विश्वासी घरं रविवारी प्रार्थनेला जातात आणि कागदावर गप्प बसतात. मीही बसले. त्याच दाखल्यावर माझ्या मुलीला बारामतीत वसतिगृह मिळालं. मी काही धुतल्या तांदळासारखी नाही.

त्या दिवशी ओट्यावर वकिलानं उमेदवारी अर्जाचं प्रतिज्ञापत्र वाचून दाखवलं. मी हिंदू आहे, दुसरा कोणताही धर्म कधीच स्वीकारलेला नाही. आजवर नुसती गप्प होते. आता सही करून नाकारायचं होतं. मी चाचरत आबांना सांगितलं, मी बाप्तिस्मा घेतलाय.

आबा हसले. "आयतवारी ख्रिस्ती ऱ्हा, सोमवारी मांग हो. आमाला काय त्याचं? दारावरचा क्रूस तेवढा काढ आन् देवळात नारळ फोड."

मी आमची प्रार्थना घेणाऱ्या पाळकांकडं गेले. वाटलं, एवढा माणूस तरी म्हणेल, नको करू. ते खाली बघून म्हणाले, "ताई, देव मन बघतो, कागद नाही." प्रार्थनेच्या खोलीवर पत्रा घालून द्यायचं आबांनी त्यांना कबूल केलं होतं, ते मला मागाहून कळलं. घरी आले तर जाऊ रडत बसलेली. तुझं उघडं पडलं की आमचेही दाखले तपासतील, माझी पोरगी आत्ताच नर्सिंगला लागलीय, तिचं काय करू? नवरा म्हणाला, तुला वाटंल ते कर. आणि न जेवता झोपला.

सकाळी क्रूस काढला. होय, काढला. पिठाच्या डब्यात ठेवला. देवळात नारळही फोडला. पहिल्या फटक्यात फुटला नाही, बायका हसल्या. मग आबांच्या गाडीतून इंदापूरला निघालो. कालव्याचा पूल आला. खाली तेच पाणी. गळ्यापर्यंत पाण्यात उभी राहून तेव्हा मी 'होय' म्हणाले होते, ते कुणी म्हणवून घेतलं नव्हतं. अख्ख्या जन्मात माझं स्वतःचं म्हणून तेवढंच एक 'होय' होतं. आता तेही आबांना द्यायचं? मला रडू फुटलं. ड्रायव्हरनं गाण्याचा आवाज वाढवला.

तहसिलीत साहेबांनी पेन पुढं केलं. रोजच्यासारखं विचारलं, मजकूर खरा आहे ना?

"न्हाय साहेब. मी ख्रिस्ती हाय."

साहेबांनी पेन मागं घेतलं. म्हणाले, मग ही जागा तुमची नाही, बाई. मी म्हटलं, ठाऊक हाय. बाहेर आबा एवढंच बोलले, "तुला खुर्ची दिली हितंच चुकलं." मला तिथंच सोडून गाडी गेली. मी एसटीनं घरी आले. आधी पिठाचा डबा उघडला.

पुढं काय व्हायचं ते झालं. दुसरी बाई मिळाली, तिनं सही केली. नवऱ्याला ट्रॅक्टरवरून उतरवला. आता तो रोज पहाटे काम शोधत बारामतीला जातो. जाऊ बोलत नाही. पत्रा आला नाही, म्हणून प्रार्थनेत माझ्या शेजारी कुणी बसत नाही. कायद्यानं मी आता मांग राहिले नाही. गावाला हे कुणी कळवलेलंच नाही. नव्या सरपंचाच्या पंचायतीतल्या चहाला मलाही बोलावलं आणि कागदी कपच दिला. मी तो भरलेला परत ठेवला.

"कपबशीत द्या, न्हायतर ऱ्हाऊ द्या."

राहूच दिलं त्यांनी.

परवा मुलीचा वसतिगृहाचा नव्या वर्षाचा अर्ज आला. मी फोनवर सांगितलं, धर्म ख्रिस्ती लिहिणार. ती म्हणाली, "आई, तुझ्या खऱ्याचं मी का गं भोगायचं?"

तिचं बरोबर आहे. तिला कुठं ठेवायचं, माहीत नाही. ती मला माफ करेल की नाही, तेही माहीत नाही. अर्ज समोर आहे. मी लिहिणार आहे. डब्यात क्रूस पुन्हा ठेवायचा नाही.