डोळ्याखालची फूट

मी बोरींना डोळे भरायचो. गावठी बोरीचं झाड चैत्रात गुडघ्याएवढं ठेवून कापायचं. पावसाळ्यात त्याला धुमारे फुटले की मोठ्या बोराच्या काडीवरचा डोळा सालीसकट काढून त्यांवर बसवायचा आणि पट्टी बांधायची. माझी शाळा चौथीपर्यंतच, पण हात हलका होता. कोल्हारपासून पुणतांब्यापर्यंत लोक बोलावून न्यायचे. सगळ्यांना मी एकच सांगायचो, डोळ्याच्या खालून येणारी फूट गावठी असती, ती दरसाल कोयत्यानं काढा. ठेवली तर वरचं झाड खाती.

आमच्या बांधावरचं झाडही गावठीच होतं. बायको लग्न होऊन आली त्या सालापासून त्याची बोरं वाळवायची. उखळात हळूहळू कुटायची, बी फुटू द्यायची नाही, मग चाळून मीठ-गूळ घालून बोरकूट करायची. भावकीत, शेजारी, तिच्या माहेरी पुड्या जायच्या. पोरं तळहातावर घेऊन चाटत बसायची.

त्या झाडाला मी करवत लावायला गेलो तेव्हा ती मागून आली.

"एक फांदी माझी ऱ्हाऊ द्या."

"झाडात वाटणी नसती," मी म्हणालो आणि गुडघ्याएवढं ठेवून कापलं.

ती भांडली नाही. पावसाळ्यात मी त्यावर डोळा भरला, पुढं मोठी बोरं आली, गोड, पाण्यानं भरलेली, बाजारात गेली. त्यांचं कूट होत नाही, वाळवली की चामड्यासारखी होतात. तिनं एकदा करून बघितलं आणि कोंबड्यांपुढं टाकलं. त्यानंतर तीस वर्षं ती पौषात टोपलं घेऊन ओढ्याकडं जायची, काट्यातून गावठी बोरं वेचून आणायची. हात ओरबाडलेले असायचे. मी बघायचो. आपली फांदी असती तर, असं ती एकदाही म्हणाली नाही. म्हणाली असती तर मी उलटच बोललो असतो, हे तिला ठाऊक होतं.

मग तिचं दुखणं निघालं. दोन वर्षं नगरच्या दवाखान्यात खेपा घातल्या, बांधाकडं कोण बघतं. गेल्या श्रावणात ती गेली. पौषात मी त्या झाडाखाली गेलो तर खालची फूट मनगटाएवढी जाड झालेली, आणि लाल, बारीक, गोल बोरांनी लगडलेली. एक तोंडात टाकलं. आंबट, घशाला धरणारं. तिथंच खाली बसलो आणि रडलो. घरात रडता आलं नव्हतं.

चैत्रात छाटणीला मुलगा बरोबर होता. म्हणाला, आबा, खालची फूट राहिली, वरचं सुकाय लागलंय. खरं होतं ते. वरच्या निम्म्या फांद्या वाळल्या होत्या. एका बुडावर दोघं नांदत नाहीत, हे त्याला मीच शिकवलेलं. त्यानं कोयता पुढं केला. मी म्हणालो, करवत आण.

डोळा बसला तिथं बुंध्याला गाठ असती. तिच्या खाली, फुटीच्या वर, करवत तिरकी धरली. दम लागत होता. मुलगा म्हणाला मी कापतो, मी देईना. वरचं झाड पडलं तसा तो माझ्या तोंडाकडं बघायला लागला.

"आबा, चुकून कापलं का?"

"न्हाई. उशिरा कापलं."

त्यानं शेण-माती कालवून आणली आणि कापलेल्या जागेवर लिंपली. वाऱ्यानं कलू नये म्हणून मी फुटीला काठी बांधली.

सून चहा घेऊन आली, काट्यांच्या ढिगापाशी थांबली. तिला सांगावं लागलं नाही. नुसतं म्हणाली, "आत्या होत्या तवर कूट शिकायचं राहिलंच माझं."

मी म्हणालो, मला तरी कुठं येतंय. पौषात दोघं उखळाशी बसू, बिघडलं तर बिघडलं.